आईवडिलांची शस्त्रक्रिया : घरात आधी बोलून घेण्याच्या गोष्टी

(करावे येथे ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच नमूद करतो की मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन रुग्णालयाच्या लेखा विभागात आलो आणि पुढे प्रशासनाची जबाबदारी माझ्याकडे आली. त्यामुळे औषधोपचारासंबंधी आज जे काही सांगेन ते आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी तपासून दिलेले आहे, आणि तरीही आपल्या रुग्णापुरता अखेरचा शब्द त्याच्या डॉक्टरांचाच मानावा. माझे स्वतःचे निरीक्षण आहे ते प्रवेश-कक्ष, रोखपालाची खिडकी आणि शस्त्रक्रियागृहाबाहेरचा बाक एवढ्याच ठिकाणांचे. पण त्या ठिकाणांवरून पुष्कळ दिसते. आईवडिलांच्या शस्त्रक्रियेत मुले सेवेला क्वचितच कमी पडतात. रात्री जागतात, रजा संपवतात, वेळ पडल्यास दागिने मोडतात. अडते ते लपवाछपवीपाशी. आजार वडिलांपासून लपवला जातो, वडिलांच्या सवयी डॉक्टरांपासून लपवल्या जातात आणि पैशाची खरी स्थिती भावंडे एकमेकांपासून लपवतात. हे सारे प्रेमापोटी किंवा संकोचापोटी होते, आणि त्याची किंमत मात्र खाटेवरच्या माणसाला मोजावी लागते. आज त्याविषयीच बोलणार आहे.

करावे येथे हा विषय मांडण्याला एक कारण आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या खाडीकाठच्या गावांच्या भातशेतीवर नवे शहर उभे राहिले. आज करावे गावठाण आणि सीवूड्सच्या इमारती यांच्यामध्ये एका रस्त्याचे अंतर आहे. पण आजारपणाच्या बाबतीत ती दोन वेगळी जगे आहेत. गावातील आजी दाखल होतात तेव्हा मुलगे, सुना, लेकी, जावई, भाचे अशी पंधरा-वीस माणसे फाटकाशी उभी राहतात. रखवालदाराला पासचा हिशेब ठेवता ठेवता घाम फुटतो. डॉक्टर एकाला सांगतात, तो दुसऱ्याला सांगतो आणि तिसऱ्यापर्यंत पोचेतो ‘पायात सळई घालायची’ याचे ‘पाय काढायचा’ झालेले असते. त्याच दिवशी शेजारच्या मनोऱ्यातील एक आजोबा हातात फाइल आणि पिशवी घेऊन एकटेच येतात. मुलगा परदेशात, मुलगी बंगळुरूला. नातेवाईकाच्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे, असे ते आम्हालाच विचारतात. एका घरात माणसे फार आणि दुसऱ्या घरात कोणीच नाही, तरी दोन्ही घरांना आमचे मागणे एकच असते : डॉक्टरांशी बोलणारी एक व्यक्ती ठरवा. गावातील कुटुंबाने ती घरातून निवडावी, आणि ती थोरला मुलगाच असली पाहिजे असे नाही. रोज दवाखान्यात बसणारी लेक किंवा सून सर्वांत अधिक जाणत असते. निर्णयाच्या वेळी मात्र तिला बाजूला सारून, दोन दिवसांनी आलेल्या जावईबापूंना पुढे केले जाते. परदेशस्थ मुलांनी इथे प्रत्यक्ष पोचू शकेल असा नातेवाईक किंवा शेजारी नेमावा, त्याचे नाव लेखी कळवावे आणि डॉक्टरांशी फोनवर बोलण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी. पहाटे ३ वाजता परिचारिकेला फोन करून ‘आईचा सगळा रिपोर्ट वाचून दाखवा’ म्हणण्याने मुलाची चिंता हलकी होते, वॉर्डची होत नाही.

आता पहिल्या लपवण्याकडे वळतो. ‘बाबांना आजाराचे नाव सांगू नका, ते हाय खातील,’ हे वाक्य प्रवेश-कक्षात वरचेवर ऐकू येते. दुसऱ्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन पुढील ड्रेसिंगसाठी आमच्याकडे आलेल्या एका आजींची हकिकत सांगतो. ‘पोटातली छोटी गाठ काढायची आहे,’ एवढेच त्यांना घरच्यांनी सांगितले होते. शुद्धीवर आल्यावर त्यांना पोटावर चिकटवलेली पिशवी दिसली. आतड्याचा भाग काढावा लागला होता आणि शौच त्या पिशवीत जमा होणार होते. तिथल्या कागदावर त्यांचा अंगठा होता, पण तो कशासाठी आहे हे त्यांना कोणी धड सांगितलेले नव्हते. आमच्याकडे आल्या तेव्हा त्या मुलाशी बोलत नव्हत्या, पिशवीकडे पाहत नव्हत्या आणि जेवतही नव्हत्या. खाल्ले की पिशवी भरते, म्हणून त्यांनी खाणेच सोडले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. जखम भरली होती. तरी पिशवी बदलायला शिकवण्याआधी त्यांचा विश्वास परत मिळवण्यातच आमच्या सिस्टरांचे कित्येक दिवस गेले. हीच गोष्ट आधी चित्र काढून दाखवली असती, तर वाईट त्यांना तेव्हाही वाटले असते. पण फसवले गेल्याचे दुःख वाट्याला आले नसते.

कायदाही इथे स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. दिल्लीतील ४४ वर्षांच्या एका महिला रुग्णाला तपासणीसाठी भूल दिलेली असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते. तातडीने जीव वाचवण्याचा प्रसंग नव्हता आणि रुग्ण सज्ञान होती, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आले असते. म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तिथे आईने मुलीसाठी होकार दिला होता, आपल्याकडे बहुधा मुलगा आईसाठी देतो. तत्त्व तेच लागू होते. ज्येष्ठ माणूस शुद्धीवर असेल, समजण्याच्या स्थितीत असेल, तर संमती त्याची. मुलाची सही साक्षीदाराची.

आणखी एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा १९९५ साली त्यांच्या आई अंजनाबाई यांनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. पुढे डॉ. लहाने मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयाचे अधिष्ठाता झाले आणि त्यांच्या हातून मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. ही कथा सांगताना आपण मातेच्या त्यागापाशी थांबतो, आणि ते योग्यच आहे. पण प्रशासक म्हणून माझे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जाते. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालचा. अवयव काढण्यापूर्वी दात्याला सर्व संभाव्य परिणाम आणि धोके समजावून सांगितलेच पाहिजेत, असे त्या कायद्यात बंधन आहे. म्हणजे मुलासाठी आपला अवयव देणाऱ्या आईला सारे खरे ऐकवावे लागते आणि ती ते ऐकून घेते. मग स्वतःच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया करून घेणारी आई खरे ऐकताच कोलमडेल, हे आपण कशावरून धरून चालतो?

अर्थात सगळ्यांना सगळे ऐकायचे नसते. ‘तुम्हीच काय ते ठरवा, मला तपशील नको,’ असे म्हणणारे वडीलही असतात आणि तोही त्यांचा अधिकार आहे. फक्त तसे त्यांनी म्हणायला हवे. त्यांच्या वतीने आपण ठरवून टाकू नये. ‘बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते किती ऐकायचे आहे?’ असे एकदा विचारले की पुष्कळदा कळते, त्यांना आधीपासून अंदाज होता आणि तेच मुलांपासून लपवत होते.

दुसरे लपवणे डॉक्टरांपासूनचे. इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. भूल देणारे डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी सवयी विचारतात. ‘दारू घेतात का?’ या प्रश्नावर मुलगा मान हलवतो, ‘कधीतरी, सणासुदीला.’ वडील रोज संध्याकाळी घेत असतात, हे गल्लीला ठाऊक असते, पण सुनेसमोर आणि डॉक्टरांसमोर ते कसे सांगायचे? रोज घेणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातापायांना कंप सुटतो, भास होतात, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते औषधांनी आवरता येते. माहीत नसेल तर टाके सांभाळायचे की माणूस सांभाळायचा, अशी वेळ येते. आजींच्या मिश्रीचेही तसेच आहे. चंचीतली डबी उशीखाली ठेवून ‘आम्ही काही घेत नाही’ म्हणणाऱ्या आजी आम्हाला नव्या नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लपवण्यात लाज राखली जाते, पण भूल देणाऱ्याच्या हिशेबातून एक आकडा गळतो. हे सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना एकांतात भेटायची विनंती करावी. काढे, वैदूची पुडी, गुडघेदुखीच्या मित्राने दिलेल्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, सर्व काही पिशवीत घालून घेऊन यावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद करू नये, मनाने चालूही ठेवू नये.

उपाशीपोटी राहण्याचा नियम ही शिस्त नव्हे. भूल दिल्यावर पोटातले वर येऊन श्वासनलिकेत गेले तर फुफ्फुसांना गंभीर इजा होते. म्हणून साधारणतः शस्त्रक्रियेपूर्वी ६ तास अन्न आणि २ तास पाणी बंद असते. नेमकी वेळ डॉक्टर सांगतात. ‘आईचा घसा सुकला होता, म्हणून दोन घोट दुधाचा चहा दिला,’ असे लेकीने शस्त्रक्रियागृहाच्या दारात सांगितले तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, एवढेच. सांगितलेच नाही, तर काय होऊ शकते ते मी इथे बोलून दाखवत नाही.

घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे हे म्हातारपणातले सर्वांत मोठे संकट. अजूनही काही घरे आधी हाडवैद्याकडे जातात, चार दिवस लेप बांधतात आणि मग आमच्याकडे येतात. अशी शस्त्रक्रिया, प्रकृती साथ देत असेल तर, शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी असे वैद्यकशास्त्र सांगते. कारण हाडापेक्षा अंथरूण अधिक घात करते. छातीत कफ साठतो, पायातील रक्त गोठते, पाठीला जखमा होतात. ‘ऐंशीच्या वर वय आहे, आता कशाला चिरफाड,’ या वाक्यामागे दया असते, पण न केलेल्या शस्त्रक्रियेचाही एक खर्च असतो, आणि तो आजी महिनोन्महिने वेदनेत भरतात.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रींविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याची पूर्वसूचना कुटुंबाला क्वचितच मिळालेली असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत, विशेषतः दिवेलागणीनंतर, एरवी शांत असलेल्या आजी सलाईन ओढून काढतात, वीस वर्षांपूर्वी गेलेल्या यजमानांना हाका मारतात, पोटच्या मुलाला ‘तू कोण?’ विचारतात. मुलगा हादरतो. कोणी म्हणतो वेड लागले, कोणी म्हणतो बाहेरचे काही झाले, आणि भगताला बोलावण्याची तयारी सुरू होते. अंगारा लावू नका असे मी सांगणार नाही. पण आधी सिस्टरला सांगा. याला डिलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या माणसांत तो पुष्कळदा आढळतो. त्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, प्राणवायू कमी पडणे, लघवी तुंबणे, वेदना, एखादे औषध असे शोधण्याजोगे कारण असते, आणि ते सापडले की बहुतेकांचे चित्त हळूहळू ठिकाणावर येते. अशा वेळी वाद घालू नये, ‘असे काय बोलतेस’ म्हणून रागावू नये. आपले नाव सांगावे, दिवस कोणता आणि आपण कुठे आहोत ते सांगावे, हात हातात धरावा. चष्मा आणि कानाचे यंत्र पहिल्याच दिवशी परत द्यावे. दिसत नाही आणि ऐकू येत नाही अशा माणसाला अनोळखी खोलीत रात्र काढायला लावल्यावर त्याचा गोंधळ उडाला तर नवल ते काय? कवळीही आठवणीने मागून घ्यावी. (ती कागदात गुंडाळून उशाशी ठेवू नये. कचऱ्यात गेलेली कवळी शोधण्यासाठी आमच्या सफाई कामगारांनी पिशव्या उपसल्याचे प्रसंग घडले आहेत.)

भेटणाऱ्यांविषयी मला कडक बोलावे लागते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या परिचर्येवरील १८५९ सालच्या पुस्तकात रुग्णाच्या खोलीतील कुजबुज आणि भेटीला येणाऱ्यांचे पोकळ दिलासे यांवर भरपूर लिहिलेले आहे. इतक्या वर्षांत त्यात फारसे काही बदलले नाही. खाटेपासून चार पावलांवर उभे राहून हलक्या आवाजात डॉक्टरांशी बोलले की रुग्णाला वाटते, आपल्याबद्दल काहीतरी भयंकर चालले आहे. बोलायचे तर त्याच्याशी बोलावे, नाहीतर खोलीबाहेर जावे. गावकीच्या नात्याने प्रत्येकाने भेटून जायलाच हवे हा आग्रहही आता सोडावा. भेट घरी आल्यावरही देता येते, आणि तेव्हा तिची गरज अधिक असते.

अन्नाबाबतच्या समजुती जाता जाता. भाताने जखमेत पू होतो, मासळी-अंडी वर्ज्य, असे सांगून आजींना नुसत्या पेजेवर ठेवतात. जखम भरायला प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा किंवा दुसरा काही पथ्याचा आजार नसेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर ज्या खाडीच्या बोईटावर आणि कोलंबीवर हे शरीर पोसले गेले, ते कमी तिखटाचे करून द्यायला हरकत नसते.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे पैशाकडे. दाखल होण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज मागा. खोलीचा दर्जा वाढवला की पुष्कळ रुग्णालयांत केवळ खोलीभाडे नव्हे, डॉक्टरांची फी आणि इतर आकारही वाढतात. ‘आईला एसी खोली हवी’ हा भावाचा आग्रह असेल तर त्या वाढीव रकमेचा वाटा कोण उचलणार हे त्याच वेळी ठरवा. हृदयाचे स्टेंट आणि गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या कमाल किमतींवर २०१७ पासून केंद्र सरकारचे नियंत्रण आहे. बसवलेल्या सांध्याचे लेबल आपल्या कागदांत लावून घ्या. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे महाराष्ट्रात २०२१ पासून बंधनकारक आहे. ते वाचण्यात रुग्णालयाचा अपमान होत नाही.

धर्मादाय रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना पुष्कळांना अजून ठाऊक नसते. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि रुग्णालयाच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी सुधारली जाते. चालू मर्यादा समाजसेवा विभागात विचारावी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना, तसेच ७० वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ पासून लागू झालेले आयुष्मान कार्ड, यांचा लाभ अंगीकृत रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच मिळतो. पूर्वमंजुरी घ्यावी लागते. म्हणून कागद आधी दाखवा. बिल हाती आल्यावर काढलेले रेशनकार्ड फारसे कामाला येत नाही. मात्र घरावर दोन मजले चढलेले असल्याने ‘आम्ही गरीब’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत, अशीही कुटुंबे मी पाहिली आहेत. घर मोठे असून उत्पन्न तुटपुंजे असू शकते. आमच्या समाजसेवा विभागातील ताईंना ते एकांतात सांगितले तरी चालते.

एक गोष्ट मात्र आम्ही चालू देत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे कागद घेऊन वॉर्डात यायचे आणि आजोबांचा अंगठा मागायचा, हा प्रकार घडतो. तशा कागदावर आमचा कोणताही कर्मचारी साक्षीदार होणार नाही. मालमत्तेचे बोलणे घरी, तब्येत चांगली असताना आणि सर्व भावंडांसमोर व्हावे. आधीच घाबरलेल्या माणसाला त्या संध्याकाळी एकच अर्थ कळतो : मुलांनी माझ्या परतण्याची आशा सोडली.

घरी सोडण्याच्या दिवशी सर्वांना घाई असते. त्या दिवशी अर्धा तास अधिक थांबावे. कोणती गोळी जुनी, कोणती नवी, कोणती बंद, हे सिस्टरकडून लिहून घ्यावे. टाके कधी काढायचे आणि कोणत्या लक्षणांवर तातडीने परत यायचे, तेही. घरात रात्री दिवा ठेवावा, न्हाणीघरात पकडायला दांडी बसवावी. आणि वडिलांना नळी असेल, आईला अंघोळ घालायची असेल, तर कोणाच्या हातून करून घेणे त्यांना बरे वाटेल ते त्यांनाच विचारावे. काही वडील लेकीऐवजी परक्या वॉर्डबॉयची मदत पसंत करतात. त्यात लेकीने वाईट वाटून घेऊ नये.

माझे बोलणे एवढेच. आता आमच्या सिस्टर वॉकर कसा धरायचा आणि दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते प्रत्यक्ष दाखवणार आहेत. त्यासाठी पहिल्या रांगेतील आजींनी खाटेवर झोपायचे कबूल केले आहे. मुलग्यांनी कृपया पुढे यावे. सुना आणि लेकी बहुतेक हे आधीच जाणतात.